साध्या सायकलीचा ग्राहक कुठे गेला?

वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी जे निर्णय घेतले, त्यांत मोटारी, विमा आणि दूरचित्रवाणी संच यांचीच चर्चा इतकी झाली की त्याच यादीतील एका लहानशा नोंदीकडे राजधानीत फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. सायकल आणि तिचे सुटे भाग यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला आणि २२ सप्टेंबरपासून तो अमलात आला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण तो यायला सव्वाआठ वर्षे लागली, हेही विसरता येणार नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींवरील कर ऑगस्ट २०१९ पासूनच ५ टक्के होता. म्हणजे सलग सहा वर्षे वीस लाखांच्या विद्युत मोटारीवर ५ टक्के आणि मजुराच्या सायकलीवर १२ टक्के असा उफराटा न्याय या देशात सुखेनैव नांदत होता. पर्यावरणाच्या नावाने सवलती वाटणाऱ्यांना, धूर न सोडणारे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त वाहन आधीपासूनच रस्त्यावर आहे, याची आठवण उशिराच झाली म्हणायची.

करकपातीमागे सायकल उद्योगाची जुनी तक्रार आहे. सायकल महाग झाली, म्हणून मागणी घटली, असे लुधियानाचे कारखानदार सांगतात. त्यात तथ्य नाही असे नाही. टाळेबंदी उठू लागल्यावर २०२० च्या उन्हाळ्यात सायकलींना अचानक मागणी आली. बस आणि मेट्रो बंद होत्या, व्यायामशाळांना कुलपे होती आणि गावाकडे निघालेल्या मजुरांपैकी अनेकांनी गाठीचे शेवटचे पैसे सायकलीत घातले होते. सायकल उत्पादकांच्या अखिल भारतीय संघटनेच्या आकडेवारीनुसार मे ते सप्टेंबर २०२० या पाच महिन्यांत ४१ लाख ८० हजारांहून अधिक सायकली विकल्या गेल्या. याच सुमारास पोलादाचे भाव चढू लागले. २०२० च्या मध्यापासून एप्रिल २०२२ पर्यंत ते दुपटीच्या आसपास पोहोचले आणि सरकारला मे २०२२ मध्ये पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावावे लागले. सायकलीचा सांगाडा, चाकांच्या धावा, आरे, साखळी हे सारे पोलादाचेच. साहजिकच किमती वाढल्या. साथ ओसरली तशी मागणीही ओसरली, आणि वाढीव मागणीच्या भरवशावर क्षमता वाढवून बसलेल्यांची पंचाईत झाली.

या काळात ग्राहकाच्या हातात काय होते, तेही पाहिले पाहिजे. बिहारमध्ये रोजगार हमीची मजुरी २०२०-२१ मध्ये दिवसाला १९४ रुपये होती. २०२१-२२ मध्ये ती १९८ रुपये झाली. पोलाद दुपटीकडे धावत असताना मजुरी अवघ्या चार रुपयांनी सरकली. ज्याची कमाई अशी गोगलगाईच्या गतीने वाढते, त्याने त्या दोन वर्षांत नवी सायकल लांबणीवर टाकली असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु महागाईचे हे स्पष्टीकरण अर्धेच सत्य आहे. पट जरा लांबवून पाहिला, तर चित्र वेगळे दिसते. २००६ मध्ये बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. त्या वेळी तेथील रोजगार हमीची मजुरी सत्तर रुपयांच्या आसपास होती. म्हणजे सायकलीची किंमत सुमारे महिनाभराच्या मजुरीइतकी. २०२५-२६ मध्ये ही मजुरी २५५ रुपये झाली आणि साधी काळी सायकल पाच हजारांच्या घरात गेली. म्हणजे किंमत सुमारे वीस दिवसांच्या मजुरीइतकी. रुपयांत सायकल अडीचपट महागली. घामात मोजली तर ती स्वस्तच झाली. मग जी वस्तू कष्टाच्या मापाने स्वस्त झाली, तिचा हक्काचा ग्राहक दुकानाकडे का फिरकत नाही? या प्रश्नाचे उत्तर करपत्रकात सापडणार नाही.

जनगणनेच्या आकड्यांत मात्र त्याचा माग लागतो. देशात सायकल असलेल्या कुटुंबांचे प्रमाण २००१ मध्ये ४३.७ टक्के होते, ते २०११ मध्ये ४४.८ टक्के झाले. दहा वर्षांत जेमतेम एका टक्क्याची वाढ. पण या स्थिर दिसणाऱ्या पृष्ठभागाखाली मोठी उलथापालथ झाली होती. ग्रामीण भागात हे प्रमाण ४२.८ वरून ४६.२ टक्क्यांवर चढले, तर शहरांत ते ४६ वरून ४१.९ टक्क्यांवर घसरले. २००१ मध्ये सायकल हे शहराचे वाहन होते. २०११ मध्ये ते खेड्याचे झाले. याच दशकात मोटारसायकल, स्कूटर वा मोपेड बाळगणारी कुटुंबे ११.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे पुढच्या दशकाचा तितकाच तपशीलवार हिशेब मांडता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र देशातील निम्म्या कुटुंबांकडे सायकल आढळली. पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश ही राज्ये त्यात आघाडीवर होती.

शहरातून सायकल हद्दपार करण्याचे काम मोटारसायकलने केले, आणि त्यातही एक उपरोध आहे. लुधियानात १९५६ मध्ये हिरो सायकल्स उभी करणाऱ्या मुंजाल बंधूंच्याच उद्योगसमूहाने १९८४ मध्ये होंडाशी भागीदारी केली आणि कमी पेट्रोल खाणारी मोटारसायकल घरोघर पोहोचवली. १९८६ मध्ये जगातील सर्वांत मोठे सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात नोंद झालेले हे घराणे पुढे मोटारसायकलींसाठी अधिक ओळखले जाऊ लागले. २०२४-२५ मध्ये देशात १ कोटी ९६ लाख स्वयंचलित दुचाकी विकल्या गेल्या. यामागे केवळ हौस नाही. सत्तर-ऐंशी हजारांच्या मोटारसायकलीसाठी दुकानाच्या दारातच कर्जाचा अर्ज भरून घेणारा माणूस बसलेला असतो. पाच हजारांच्या सायकलीसाठी कर्ज देण्यात कोणत्याही वित्तसंस्थेला रस नसतो. त्यामुळे महिन्याला दोन-अडीच हजारांचा हप्ता भरू शकणारा माणूस मोटारसायकल घेतो, आणि ज्याला तोही जमत नाही, त्याला सायकलीचे पाच हजार मात्र एकरकमी मोजावे लागतात. गरिबाला रोखीने आणि ऐपतदाराला उधारीने, असा हा बाजाराचा नियम आहे.

एकेकाळी हाच उद्योग स्वतंत्र भारताच्या औद्योगिक आत्मविश्वासाचे प्रतीक मानला जात असे. १९५०-५१ मध्ये देशात वर्षाला सुमारे एक लाख सायकली तयार होत. १९६०-६१ मध्ये हा आकडा दहा लाखांवर, १९७०-७१ मध्ये वीस लाखांवर आणि १९९०-९१ मध्ये सत्तर लाखांवर गेला. पण या चढत्या आलेखाच्या पायथ्याशी बंद कारखान्यांची रांगही आहे. मुंबईच्या वरळीतील हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्या डबघाईला आल्यावर १९८० मध्ये कायदा करून सरकारजमा कराव्या लागल्या, आणि तरीही त्या वाचल्या नाहीत. दिल्लीकरांना अधिक जवळचे उदाहरण ॲटलसचे आहे. १९५१ मध्ये सोनिपतला सुरू झालेल्या या कंपनीच्या साहिबाबाद येथील कारखान्याच्या दारावर कामबंदीची नोटीस लागली ती ३ जून २०२० रोजी. कच्चा माल घ्यायलाही पैसा उरला नसल्याचे कारण कंपनीने दिले. तो दिवस जागतिक सायकल दिन होता, आणि त्याच महिन्यात देशात साडेआठ लाख सायकली विकल्या गेल्या. मागणी होती, पण ती साध्या सायकलीची उरली नव्हती, आणि साधी सायकल हाच ॲटलसचा मुख्य आधार होता.

मग मागणी गेली कुठे? ती दोन दिशांना वळली. एक दिशा सरकारी, दुसरी हौशी.

सरकार हे आज साध्या सायकलीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. तमिळनाडूने या शतकाच्या आरंभी विद्यार्थिनींना सायकली वाटल्या; छत्तीसगडने २००४ मध्ये आणि बिहारने २००६ मध्ये ती वाट धरली. पश्चिम बंगालने २०१५ पासून नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना एक कोटीहून अधिक सायकली दिल्या. या योजनांची केवळ मतांचे राजकारण म्हणून हेटाळणी करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. बिहारच्या योजनेचा कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शाळा दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक ठळक होता. मुलींच्या टोळ्या सायकलींवरून शाळेला निघाल्या, तेव्हा रस्त्यावरून एकटीने जाण्याचे भय आणि घरच्यांचा विरोध ही दोन्ही मागे पडली. सार्वजनिक खर्चाचा इतका चोख मोबदला देणाऱ्या योजना आपल्याकडे थोड्याच आहेत.

महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. ती ३,५०० रुपये होती. २०२२ मध्ये ५,००० रुपये करण्यात आली. बिहारने आपली रक्कम आधी अडीच आणि पुढे तीन हजार केली. बाजारभाव आणि अनुदान यांच्यातील अंतर किती पडले आहे, ते या आकड्यांवरूनच ध्यानात येईल. रक्कम ठरवणारा शासन निर्णय एकदा निघतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. पोलादाचे भाव मात्र शासन निर्णयाची वाट पाहत नाहीत. मधला फरक शेवटी मुलीच्या बापाच्या खिशातून जातो. जिथे तो जाऊ शकत नाही, तिथे सायकल येतच नाही.

रकमेऐवजी थेट सायकल देणाऱ्या राज्यांत अडचण वेगळी आहे. तेथे खरेदी निविदेने होते, आणि निविदेत सर्वांत कमी दर देणारा जिंकतो. दर पाडण्यासाठी पत्रा पातळ होतो, जोडणी घाईत होते आणि सायकल शाळेच्या पटांगणातून घरी जाईपर्यंत खिळखिळी होते. वापरणारा आणि निवडणारा एक नसला की असे होणारच. शिवाय निविदेची मागणी वर्षभर सारखी नसते. ती अर्थसंकल्प, शैक्षणिक वर्ष आणि निवडणूक यांच्या तालावर चालते. मोठा कारखानदार हे हेलकावे सोसतो. त्याला मडगार्ड, पेडल वा घंटी पुरवणारा लुधियानाच्या गल्लीतील लहान कारागीर सोसू शकत नाही. गावातील सायकल दुकानदाराचे तर गिऱ्हाईकच तुटते. ज्या दुकानात पंक्चर काढून मिळते, तेच बंद पडले, तर फुकट मिळालेली सायकलही सहा महिन्यांत भिंतीला टेकते.

मागणीची दुसरी दिशा हौशी. गिअरची, हलक्या मिश्रधातूची, रुंद टायरची सायकल पंधरा-वीस हजारांपासून सुरू होते आणि लाखांत जाते. हिरो सायकल्सने २०१५ मध्ये फायरफॉक्स ही महागड्या सायकलींची कंपनी विकत घेतली, ती याच बाजारावर नजर ठेवून. यात गैर काही नाही. रविवारी पहाटे इंडिया गेटच्या परिसरात किंवा पुण्यात सिंहगडाच्या पायथ्याकडे निघणारे सायकलस्वार वाढले, तर ते आरोग्याला चांगलेच. खटकते ते इतकेच की सरकारी धोरणाच्या डोळ्यांपुढे सायकलस्वार म्हणून आता हाच माणूस असतो. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये विद्युत सायकलींच्या पहिल्या दहा हजार खरेदीदारांना किमतीच्या २५ टक्के, कमाल साडेपाच हजार रुपये अनुदान जाहीर केले. ज्या रकमेत वझीरपूरच्या मजुराला अख्खी साधी सायकल येते, ती रक्कम दुसऱ्या कुणाला वीस-पंचवीस हजारांच्या सायकलीवर सूट म्हणून मिळणार होती. मालवाहू विद्युत सायकलींनाही या योजनेत स्थान होते, हे मान्य केले पाहिजे. पण साध्या सायकलीवरून कामाला जाणारा माणूस त्या कागदात कुठेच नव्हता.

हा माणूस मोजक्या संख्येचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के सायकलीने कामावर जात होते. मोटारसायकल व स्कूटरने जाणाऱ्यांचे प्रमाणही जवळपास तितकेच होते. झारखंडमध्ये दोन-अडीचशे किलो कोळसा सायकलीला बांधून घाट चढणारे, मुंबईत डबे पोहोचवणारे, पहाटे वृत्तपत्रे आणि दूध टाकणारे, ओखल्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे, हे सारे याच वर्गातले. त्यांच्यासाठी सायकल हा छंद नसून हत्यार आहे. गवंड्याची थापी किंवा शिंप्याचे यंत्र जसे, तशी ती.

अशा माणसाला शहराने रस्त्यावर कोणती जागा दिली? दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद या मार्गावर २००८ मध्ये बससाठी राखीव मार्गिका आणि सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा झाला. मोटारवाल्यांनी ओरड केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने २०१२ मध्ये मार्गिका मोडण्यास नकार दिला. तरीही २०१६ मध्ये ती उखडण्यात आलीच. कोलकात्यात २०१३ मध्ये तब्बल १७४ रस्त्यांवर सायकलींना मज्जाव करण्यात आला होता. उत्तर प्रदेशात सायकल हे निवडणूक चिन्ह असलेल्या पक्षाच्या सरकारने लखनौमध्ये सायकल मार्ग बांधले, तर २०१७ च्या सत्तांतरानंतर ते काढून टाकण्याची भाषा सुरू झाली. ज्या पुण्याला सायकलींचे शहर म्हणून मिरवले जाई, तेथे २०१७-१८ मध्ये भाड्याच्या सायकलींचा गाजावाजा झाला आणि दोन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. पक्ष कोणताही असो, सायकल त्याच्या फलकावर शोभते. रस्त्यावर ती अडचण ठरते. केंद्राचे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगत आले की, रस्ते वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहेत. त्या धोरणाच्या नाकावर टिच्चून हे सारे घडले. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार मरण पावले. शहरातील सायकलीची खरी किंमत दुकानातील पाच हजारांत संपत नाही. तिच्यात जिवाची जोखीमही मिळवावी लागते. ती जोखीम धरली, तर मोटारसायकलचा हप्ता स्वस्त वाटू लागतो. साधी सायकल सोडून जाणारा ग्राहक हाच हिशेब करत असतो.

येथे एक आक्षेप येईल. माणूस सायकलीवरून मोटारसायकलवर गेला, तर ती प्रगतीच नव्हे काय? त्याला पुन्हा पॅडल मारायला लावण्याचा आग्रह मोटारीत बसणाऱ्यांनी का धरावा? आक्षेप रास्त आहे. कुणाला सायकलीवर अडकवून ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण प्रश्न निवडीचा आहे. आठ-दहा किलोमीटर सायकल चालवणे ज्याला जमते आणि परवडते, त्याने ती केवळ चिरडले जाण्याच्या भीतीने सोडावी आणि कमाईतला मोठा वाटा हप्ता व पेट्रोल यांत घालावा, याला प्रगती म्हणता येणार नाही. ती सक्ती आहे. शिवाय घरात मोटारसायकल आली की ती बहुधा कर्त्या पुरुषाकडे जाते. बायका, मुली आणि म्हातारी माणसे यांच्या वाट्याला सायकलच येते, किंवा तीही येत नाही. आणि आपण खनिज तेलाच्या गरजेपैकी बहुतांश आयात करतो. सायकलीवरून होणारा प्रत्येक प्रवास ही परकीय चलनाची बचत आहे, हे अर्थ मंत्रालयाला वेगळे सांगायला नको.

म्हणूनच करकपात हा शेवट नसून आरंभ ठरावा. पहिली गोष्ट करातलीच. तयार सायकलीवर ५ टक्के आणि तिला लागणाऱ्या पोलादावर १८ टक्के, अशी उलटी उतरंड आता निर्माण झाली आहे. आधी जास्त भरलेल्या कराचा परतावा लहान कारखानदारांना वेळेत मिळाला नाही, तर त्यांचे खेळते भांडवल अडकेल आणि कपातीचा लाभ गिऱ्हाइकापर्यंत पोहोचणार नाही. दुसरी गोष्ट, विद्यार्थिनींच्या योजनांत शक्य तिथे निविदेऐवजी थेट रक्कम द्यावी आणि ती दरवर्षी बाजारभावाशी जोडावी. सायकल निवडण्याचा अधिकार ती चालवणाऱ्या मुलीला मिळाला, तर दर्जाही राहील आणि गावचा दुकानदारही जगेल. तिसरी, पोटासाठी सायकल वापरणाऱ्यांना छोटे कर्ज मिळावे. फेरीवाल्यांना भांडवल देणारी केंद्राची योजना २०२० पासून आहे, ई-श्रम पटलावर तीस कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद आहे आणि बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी उपकराचा निधी जमा होतो. यंत्रणा नवी उभारायची गरज नाही. पाच हजारांची मागणी ऐकून घेणारी खिडकी तेवढी उघडायची आहे. चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट रस्त्याची. शहरांना रस्ते व उड्डाणपूल यांसाठी केंद्राचा पैसा हवा असेल, तर औद्योगिक वसाहती आणि कामगार वस्त्या जोडणाऱ्या मार्गांवर सायकलीसाठी सुरक्षित पट्टा ही अट घातली पाहिजे. सुशोभित उद्यानांभोवती फिरणारे पट्टे छायाचित्रांत छान दिसतात. पाळी सुटल्यावर अंधारात घरी निघालेल्या कामगाराच्या ते उपयोगी नाहीत.

या निर्णयांचा कच्चा मसुदा ज्यांच्या टेबलावर तयार होतो, त्या अधिकाऱ्यांत मराठी माणसे राजधानीत आणि राज्याराज्यांत कमी नाहीत. त्यांच्यापैकी कितीतरी जणांचे शिक्षण तालुक्याच्या शाळेपर्यंत सायकल हाकतच झाले आहे. ज्या वाहनाने एका पिढीला गावातून शहरात आणि शहरातून सचिवालयात पोहोचवले, ते पुढच्या पिढीच्या हातून केवळ रस्ता अरुंद पडला म्हणून निसटू नये, एवढी काळजी फाईलवर शेरा लिहिताना घेता येईल. सायकलीचा भाव सात टक्क्यांच्या करकपातीने थोडा उतरेल; पण ती चालवणाऱ्याचा भाव वाढल्याशिवाय तिचा खरा ग्राहक परतणार नाही.